मचाणावर डबा वाजला की

«ताई, आम्ही मूळचे पंचवटीतले. गेली अकरा वर्षं विस्कॉन्सिनमध्ये आहोत. मुलगा सतरा वर्षांचा. शेजारचे आजोबा त्याला नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला नेणार आहेत, झाडाला बांधलेल्या मचाणावर बसून. मागच्या वर्षी तो नुसता बघायला गेला होता. त्याच्या बॅगेच्या खडखडाटाने जवळ आलेलं हरीण पळालं आणि आजोबा दिवसभर त्याच्याशी बोलले नाहीत. आता त्याला सगळं सामान गुपचूप झाडावर न्यायचंय, यूट्यूब बघून बघून डोकं फिरलंय. मला भीती तो वीस फुटांवरून पडण्याची. त्यात सासूबाई नाशिकला असतात, माळकरी आहेत. त्यांच्यापासून हे सगळं गुपचूप ठेवलंय. काय करू?»

तुमच्या पत्रात ‘गुपचूप’ दोनदा आलंय, एकदा बॅगेसाठी आणि एकदा सासूबाईंसाठी. बॅगेच्या गुपचूपाला माझी पूर्ण मदत. दुसऱ्याचं नंतर बघू.

आधीच सांगते, मी शिकार केलेली नाही. मी अंडंही खात नाही. पण मचाणावर रात्री काढल्यात. बुद्धपौर्णिमेला वनखातं पाणवठ्यांवर प्राणी मोजायला माणसं बसवतं, तशी मी भंडारदऱ्याच्या बाजूला बसले होते. पहिलीच खेप. दहाच्या सुमाराला खाली पाचोळा वाजायला लागला, काहीतरी पाण्याकडे येत होतं, आणि नेमकी तेव्हाच मला भूक लागली. दशमी काढायला स्टीलचा डबा उघडला, झाकण हातातून निसटलं, बांबूवर टण्णकन आपटून दोन फटींमधून खाली गेलं. त्यानंतर पहाटेपर्यंत आमच्या वहीत एक ससा. बरोबरचा वनरक्षक चकार शब्द बोलला नाही. सकाळी खाली उतरल्यावर त्याने ते झाकण उचललं, पुसलं आणि माझ्या हातात दिलं. त्यामुळे तुमच्या शेजारच्या आजोबांचं मौन मला चांगलंच कळतं.

पुढे हरिहर, साल्हेर अशा किल्ल्यांचे ट्रेक करताना दोर, हार्नेस (अंगाला बांधायचे सुरक्षेचे पट्टे), कॅराबिनर (उघडमीट होणारी धातूची कडी) हाताळले. आणि भावाकडे एका नोव्हेंबरात तुमच्याच भागात राहिले, तेव्हा शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये टांगलेलं सगळं सामान उलटसुलट करून पाहिलं. तेवढ्या शिदोरीवर सांगते. बंदूक चालवण्यातलं मला काही कळत नाही, ते प्रशिक्षकाकडेच शिकायचं.

हरणाचे दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना वळतात. पाचोळ्यात पाऊल वाजलं तर ते दचकतं, पण पाचोळा खारही वाजवते. धातूवर धातू आपटल्याचा आवाज मात्र रानात माणसाशिवाय कोणी करत नाही. म्हणून आधी धातू शोधा, बाकीचं मागून.

हे काम घरीच होतं, आदल्या आठवड्यात. हॉलमध्ये सतरंजी अंथरा. मुलाला सगळं सामान बॅगेत भरून बॅग पाठीला लावायला सांगा आणि जागच्या जागी दहा उड्या मारायला लावा. तुम्ही डोळे मिटून ऐका. जे वाजेल ते बाहेर काढा, गुंडाळा, पुन्हा भरा, पुन्हा उड्या. पहिल्यांदा किल्ल्या सापडतील. मग थर्मास, तो जुन्या लोकरी मोज्यात घाला. मग बॅगेच्या चेनला लटकणारे धातूचे तुकडे. ते काढून तिथे पायजम्याच्या नाडीचा तुकडा ओवा, हातमोजे घालून ओढायलाही तो बरा पडतो. आपल्याला हे काही नवीन नाही. भांडी बाजारातून घेतलेली समई सूटकेसमध्ये घालताना आपण जुन्या साडीचं फडकं मध्ये घालतोच की.

हुकांना आणि लोखंडी कडांना सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळा. सायकल दुरुस्तीवाल्याकडे फाटक्या ट्यूब तिकडेही मिळतात. फक्त एक पक्कं लक्षात ठेवा. हार्नेसचे पट्टे, त्याची बकलं, जीव पेलणारे कॅराबिनर आणि दोर यांना काहीही गुंडाळायचं नाही. ट्यूब नाही, टेप नाही. पट्टा उसवलाय का, बकल पुरतं बसलंय का, हे उघड्या डोळ्यांनी दिसायला हवं. आवाज होतो म्हणून त्यातलं काही घरी ठेवायचं तर मुळीच नाही. वाजलं तर वाजू दे.

वेल्क्रोचा चर्र आवाज थंडीच्या पहाटे भलताच मोठा वाटतो. वरच्या जाकिटाच्या खिशांना वेल्क्रो असेल तर सुई-दोरा घेऊन बटणं लावून टाका. कापडाची परीक्षा अगदी सोपी आहे: बाही बाहीवर घासून बघा. नायलॉन सळसळतं, लोकर आणि फ्लीस गप्प बसतात. जाड कोट अंगात घालून चालत जायचं नाही, घाम येतो आणि मग वर बसल्यावर हुडहुडी भरते. तो बॅगेवर बाहेरून बांधून न्यायचा आणि झाडापाशी गेल्यावर घालायचा. घातल्यावर हार्नेसचे पट्टे पुन्हा तपासायचे, जाड कपड्यावर ते वेगळे बसतात. फोन सायलेंटवर ठेवून भागत नाही, थरथरणंही बंद करा, नाहीतर पत्र्यावर भुंग्यासारखा घूं घूं करतो. आणि त्याला दोरी बांधा.

खाण्याचं तर विचारूच नका. चिवडा, चकली, वेफर्स घरी. गूळ-तूप-पोळीचा मलिदा करून सुती रुमालात बांधून द्या. स्टीलच्या डब्याबद्दल माझं मत तुम्हाला कळलंच असेल.

मचाण स्वतः किती वाजतं, हा वेगळाच विषय आहे. तिकडे तीन प्रकार दिसतात. शिडीचं लॅडर स्टँड, झाडाला टांगायचं हँग-ऑन, आणि आपल्याबरोबर खोडावर सरकवत वर न्यायचं क्लाइंबर. सतरा वर्षांच्या नवशिक्याला शिडीचंच बरं. पट्टे आवळणाऱ्या रॅचेटची कटकट शिकारीच्या पहाटे नको, म्हणून मचाण बरेच दिवस आधी, भर दिवसा, तिघांनी मिळून लावायचं. शिडीचे तुकडे झाडापर्यंत नेताना मध्ये पोत्याचं किंवा चादरीचं कापड घालून घट्ट बांधा, नाहीतर लग्नाच्या मांडवाचे बांबू निघालेत असं वाटतं. बांधून झाल्यावर पट्ट्यांची लोंबती टोकं गुंडाळून अडकवा, वाऱ्यावर तीच फडफडतात. सांध्यांत करकर येत असेल तर नट ढिले-घट्ट करून बघा, मध्ये नायलॉनचा वॉशर टाका. तेल नको, हरणाचं नाक कानापेक्षा तिखट. मागच्या वर्षीचं मचाण झाडावर तसंच असेल तर पट्टे बदलल्याशिवाय पाय ठेवू देऊ नका. ऊन-बर्फाने ते कुजतात, खारी कुरतडतात, आणि वाढत्या खोडाने ताणले जातात.

आता तुमची भीती. ती खरी आहे आणि तिला उपायही आहे. माणसं बसल्या जागी कमी पडतात. पडतात ती चढताना, उतरताना आणि शिडीवरून मचाणावर पाय टाकताना. आपले लाइनमन खांबावर कमरेच्या पट्ट्याने चढताना दिसतात, तसला नुसता कमरेचा पट्टा इथे नको. खांदे, छाती, मांड्या धरणारा पूर्ण हार्नेस हवा. आणि तो वर पोहोचल्यावर अडकवायचा नाही, जमिनीवर पाय असतानाच अडकवायचा. त्यासाठी मचाणाच्या वरून झाडाच्या बुंध्यापर्यंत एक दोर कायमचा बांधून ठेवतात, लाइफलाइन म्हणतात त्याला. त्यावर प्रुसिकची गाठ असते, हार्नेसचा पट्टा तिलाच अडकवायचा. हाताने सरकवली की सरकते, झटका बसला की आवळते. तुमच्या मुलाने प्रत्येक पायरीला ती गाठ वर सरकवत जायचं. बसल्यावर ती डोक्याच्या वर असावी, पट्ट्यात ढील कमीत कमी. हरिहरच्या पायऱ्या ज्याने चढल्यात त्याला पुढचं सांगायला नको: दोन हात एक पाय, किंवा दोन पाय एक हात, असं तीन ठिकाणी अंग टेकलेलं असल्याशिवाय चौथं हलवायचं नाही.

हार्नेसमध्ये लोंबकळत राहणंही धोक्याचं. मांड्यांचे पट्टे आवळून रक्त पायांत साठतं, माणूस थोड्या वेळात बेशुद्ध पडू शकतो. म्हणून हार्नेसबरोबर पाय टेकवायची पट्टी येते, ती खिशात नको, हाताशी हवी. पाय हलवत राहायचं. अंगणातल्या झाडावर दोन फुटांवर मोठ्या माणसासमोर एकदा लोंबकळून बघू दे त्याला. हसण्यावारी नेईल, नेऊ दे.

आणि सामान? चढताना हात मोकळे. बॅग, बंदूक सगळं खाली जमिनीवर, दोरीला बांधलेलं. वर जाऊन, बसून, मग दोरीने हळू ओढून घ्यायचं. बंदूक रिकामी, गोळी बसते ते चेंबर उघडं, तोंड जमिनीकडे, आणि दोरी घोड्याच्या (ट्रिगरच्या) आसपास कुठेही नाही. उतरताना हेच उलट, आणि सोडलेल्या सामानाच्या बाजूने उतरायचं नाही. घाईत बंदूक खांद्याला लटकवून चढणारे आजोबा असतील, तर मुलाला त्यांच्याबरोबर पाठवू नका. हे मी सरळ सांगते. चाळीस वर्षांचा अनुभव वगैरे असू दे.

कोणतं झाड, कधी परतणार, हे कागदावर लिहून फ्रीजवर लावा. केशरी जाकीट घालायला तो कुरकुर करत असेल तर त्याला सांगा, ही आईची हौस नाही. तुमच्या राज्यात बंदुकीच्या मोसमात कमरेच्या वरचे निम्मे तरी बाहेरचे कपडे भडक केशरी किंवा गुलाबी लागतात, टोपी घातली तर तीही.

कागदपत्रांचं थोडक्यात. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना परवान्यासाठी शिकार-शिक्षणाचा कोर्स लागतो. म्हणजे मुलाबरोबर जायची हौस असेल तर बहुतेक ‘यांना’ही. दुसरं, तुम्ही अजून एच-वन किंवा एच-फोर व्हिसावर असाल तर नीट वाचा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा गोळी बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना असेल तर सूट आहे. ‘बंदूक शेजाऱ्याची आहे’ हे उत्तर तिथे चालत नाही, हातात आली की प्रश्न आलाच. आधी परवाना, मग हात लावायचा, आणि त्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला एक फोन. ग्रीनकार्डाच्या रांगेत एवढी वर्षं उभं राहून हरणापायी नंबर घालवायचा नाही.

राहिल्या सासूबाई. ‘फोटो काढायला गेलाय’ असं सांगायचा विचार असेल तर तो सोडा. मेलेल्या हरणाशेजारचा फोटो कोणीतरी कौतुकाने कुटुंबाच्या ग्रुपवर टाकणारच. त्यांना ते तिथे कळलं तर नातवाने जीव मारला याहून जास्त लागेल ते सुनेने लपवलं याचं. तुम्ही सांगू नका, मुलाला सांगू दे, मोसमाच्या आधी. परवाना आहे, ठरलेल्या दिवसांत आणि ठरलेल्या संख्येतच मारतात, मांस वाया घालवत नाहीत, इतकंच. पटवायला जायचं नाही. त्यांनी तुळशीच्या माळेला हात लावून फोन ठेवला तर ठेवू दे. दोन दिवसांनी तुम्ही करा. आणि त्यांच्या माहेरी मळ्यात माळा, म्हणजे पीक राखायचं मचाण, होता का, हे एकदा विचारून बघा. गोफण घेऊन बाजरी राखायला माळ्यावर बसलेल्या बायका आमच्या निफाड-सिन्नरकडे खूप आहेत. न हलता बसणं म्हणजे काय हे त्या नातवाला यूट्यूबपेक्षा बरं सांगतील.

मुलालाही एक गोष्ट स्पष्ट सांगा. इकडे वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. येवल्याजवळ ममदापूरला काळवीट रस्त्यावरून दिसतात, तिथे ‘मी असा एक पाडला’ असल्या गप्पा मारायच्या नाहीत. डिसेंबरच्या सुट्टीत आलात तर तीच बिनआवाजाची बॅग घेऊन त्याला पहाटे नांदूर मधमेश्वरला पाठवा. २०२० साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, जाहीर झालेली ही महाराष्ट्रातली पहिली जागा आहे, आणि त्या दिवसांत पक्ष्यांनी भरलेली असते. मी येईन बरोबर. डबा आणणार नाही.

पण ती बॅग विमानात चढवायच्या आधी रिकामी करा, प्रत्येक कप्पा, अस्तराच्या मागेसुद्धा. चुकून राहिलेलं एक काडतूस भारतातल्या विमानतळावर सापडलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि ‘विसरलो’ हे सांगायला सुट्टी पुरत नाही. रिकामी पुंगळीही नको. बॅग बाथटबवर उलटी धरा आणि जोरात झटका. काही राहिलं असेल तर वाजेल.