बिनधुराच्या चुलीचा धूर उलटा घरातच येतो, काय करावं?

आधी धुराड्याची उंची बघा. पाइप आढ्यापेक्षा किमान दोन फूट वर हवा; खाली राहिला तर आढ्यावरून वळलेला वारा धूर परत आत ढकलतो. वैलावर (चुलीच्या दुसऱ्या तोंडावर) भांडं नसेल तर तो झाका, तिथूनही धूर येतो.

हे सगळं ठीक असेल तर पाइपात काजळी साचलीय. चूल पूर्ण गार झाल्यावर दोरीला काथ्याचा बोळा बांधून पाइपातून वर-खाली ओढा. रोजच्या चुलीला महिन्यातून एकदा हे लागतंच. ओलं लाकूड टाळा, त्याने काजळी फार लवकर धरते आणि एखाद्या दिवशी तीच आतून पेटते. म्हणूनच पत्र्याचा पाइप वाशाला किंवा रिपेला कुठेही टेकता कामा नये.

रात्री निखारे धुमसत असताना दारं-खिडक्या लावून झोपू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.