वाचकांचे प्रश्न : चिकटवलेला जोड किती पक्का?

प्रश्न : सागवानाच्या चार फळ्या कडेला कड चिकटवून जेवणाच्या टेबलाचा माथा करून घेतो आहे. सुतार म्हणतात, 'लाकूड फाटेल, पण फेव्हिकॉलचा जोड सुटणार नाही.' टेबल न मोडता खात्री कशी करावी? – एक वाचक, सांगली

उत्तर : फळ्या लागतात त्यापेक्षा १० सेंमी लांब ठेवायला सांगा. चिकटवून पूर्ण २४ तास झाले की या जादा टोकातून, जोडाला काटकोनात, २ सेंमी रुंदीच्या चार पट्ट्या कापा. जोडाची रेषा बाकाच्या कडेवर आणून पट्टीची एक बाजू शिकंज्यात आवळा आणि दुसरी हातोडीने खाली ठोका.

आता तुटलेल्या दोन्ही बाजू उजेडात नीट पाहा. किती जोर लागला यापेक्षा इथे जास्त कळते. बहुतेक भागावर लाकडाचे फाटलेले तंतू दिसले, तर सुतारांचे म्हणणे खरे. एका बाजूला गोंदाचा चकचकीत पापुद्रा आणि समोर स्वच्छ लाकूड असेल, तर गोंदाने लाकूड धरलेलेच नाही. सागवानात हे बऱ्याचदा घडते, कारण त्यातले तेल पृष्ठभागावर येते. रंधा मारल्यावर त्याच दिवशी चिकटवावे. त्याआधी अ‍ॅसिटोनच्या फडक्याने कड पुसून ती पूर्ण कोरडी होऊ द्यावी. पापुद्र्यावर ब्रशचे ओरखडे तसेच उमटलेले असतील, तर फळ्या जुळवायला उशीर झाला आणि गोंदावर साय धरली. उन्हाळ्यात पंख्याखाली काम केले की ही चूक पटकन होते. जाड, पिवळसर थर दिसला तर कडा सरळ रंधलेल्या नाहीत. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद फट भरतो, पण तिथे ताकद देत नाही.

एक सावधगिरी : सावरीसारखे हलके लाकूड थोड्या जोरातही फाटते. तिथे तंतू फाटले म्हणजे जोड लाकडाहून पक्का एवढेच सिद्ध होते, तो भार पेलेल असे नाही.

प्रश्न : खुर्चीसाठी कुसवाचा जोड (एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवलेला) आणि डॉवेलचा जोड (गोल लाकडी खुंट्यांचा) यांची तुलना करायला आडव्या दांड्याला बादली टांगून पाणी ओतले. पण कुसवाच्याच दोन नमुन्यांत एक १४ लिटरला तुटला, दुसरा २३ लिटरला. चूक कुठे? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आधी अंतर मोजा. जोडावर येणारा ताण म्हणजे वजन गुणिले जोडापासूनचे अंतर. ५० सेंमीवर २० किलो आणि ४० सेंमीवर २५ किलो यांचा ताण सारखाच. बादली सरकू नये म्हणून दांड्यावर खाच पाडा आणि बादलीचे स्वतःचे वजनही धरा. पाणी लिटर-लिटरने, दर वेळी १० सेकंद थांबून ओता. भसकन ओतले की धक्क्यानेच जोड तुटतो. बादली जमिनीपासून चार बोटे वर ठेवा आणि पाय खाली घालू नका.

अंतर बरोबर असेल तर कुसू तपासा. ते हाताच्या दाबाने आत जावे आणि उलटे धरले तरी गळून पडू नये. सैल कुसवात गोंदाचा थर जाड राहतो आणि नमुन्यागणिक आकडा बदलतो. शिवाय गोंद कुसवाच्या गालांना, म्हणजे रुंद बाजूंना, आणि खाचेच्या भिंतींना, दोन्हीकडे लावायला हवा. नुसता खाचेत ओतला की कुसू आत जाताना तो तळाला ढकलला जातो.

दोन नमुन्यांवरून काहीच ठरवू नका. एकाच फळीतून प्रत्येक प्रकाराचे किमान पाच करा आणि सरासरीबरोबर सर्वांत कमी आकडाही लिहून ठेवा. खुर्ची त्यातल्या सर्वांत कमजोर जोडापाशीच मोडते.

प्रश्न : मोरीजवळच्या फळीचा जोड पाण्यात टिकेल का, हे घरी कळेल? – एक वाचक, पेण

उत्तर : कळेल. युरोपात ओलावा सोसणाऱ्या लाकडी गोंदासाठी असलेल्या डी३ दर्जाच्या चाचणीचा क्रम वापरा : चिकटवून सात दिवस ठेवा, मग चार दिवस साध्या पाण्यात बुडवा. अर्धे नमुने बाहेर काढल्याबरोबर ओलेच मोडा, उरलेले सात दिवस सुकवून मोडा. त्या दर्जात कोरड्या जोडाला दर चौरस मिलिमीटरला १० न्यूटन, ओल्याला २ आणि पुन्हा सुकवलेल्याला ८ न्यूटन पेलावे लागतात. साधा पांढरा गोंद पाण्यात मऊ पडतो आणि सुकल्यावर पुन्हा घट्ट वाटतो, म्हणून ओला नमुना मोडणे टाळू नका.