इन्सर्ट घेण्याआधी लायनर मोजा

अमेरिकेतल्या जुन्या घरात लाकूड जाळणारा इन्सर्ट (फायरप्लेसच्या पोकळीत बसणारी बंद धातूची शेगडी) बसवताय, छानच! फक्त मॉडेल निवडण्याआधी धुराड्यात काय आहे ते बघा.

आधी लायनरचा, म्हणजे धुराड्याच्या आतल्या धूर नेणाऱ्या नळीचा, आतला व्यास मोजा. आजच्या बहुतेक इन्सर्टचं धुराचं तोंड ६ इंची असतं, लायनरही तेवढाच हवा. ८ इंची असेल तर ‘मोठा तेवढा चांगला’ असं समजू नका. त्याचं क्षेत्रफळ जवळपास पावणेदोन पट. धूर रेंगाळतो, थंड होतो आणि क्रिओसोट (धुरातला डांबरासारखा, पेट घेणारा थर) साचतो. धुराड्यात आग लागते ती त्यानेच. उलट लायनर अरुंद असेल तर धूर वर खेचणारी ओढ कमी पडून तो खोलीत येतो. इन्सर्टच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट परवानगी असेल तरच अरुंद लायनर चालेल.

मग धातू. अ‍ॅल्युमिनियमचा लायनर काही गॅस उपकरणांसाठी असतो, लाकडाला तो कधीच नको! स्टेनलेस स्टीलच हवं. माझ्या मते लाकडाला अ‍ॅल्युमिनियम वापरणं हीच नवख्यांची सर्वांत धोकादायक चूक.

इन्सर्ट नुसता फायरप्लेसमध्ये सरकवून पेटवू नका. लायनर त्याच्या तोंडाला पक्का जोडलेला हवा. बसवण्याआधी कॅमेऱ्याने धुराड्याची ‘लेव्हल २’, म्हणजे आतून सविस्तर, तपासणी करून घ्या.

इन्सुलेशन आणि उंचीचं गणित नंतर. आधी लायनरचं माप आणि धातू कळवा, मग मॉडेल ठरवू.