मागच्या पानांवर उठलेली अक्षरं

"मॅडम, हा मुद्दाम करतो." आईंनी वही माझ्यापुढे सरकवली. मुलगा नऊ वर्षांचा. तोंडी विचारलं तर सगळं येतं, लिहायला बसला की पाच ओळींत हात झटकतो, खुर्चीवरून घसरतो, डोकं टेबलावर टेकवतो. "रोज दोन पानं शुद्धलेखन काढून घेते, तरी आळस जात नाही." आळशी, कामचुकार, लक्ष नाही. ही तक्रार माझ्याकडे वरचेवर येते.

मीही आधी भलतीकडेच गेले. शाळेची भीती, घरातले ताण, सगळं विचारून झालं. मग वही चाळताना दिसलं, लिहिलेल्या पानामागच्या तीन कोऱ्या पानांवरही अक्षरं उठली होती. त्याला दोन ओळी लिहायला सांगितल्या आणि नुसती बोटं बघत बसले. तर्जनीचं टोकाचं पेर उलटं, मागे वाकलेलं. नख पांढरंफटक.

"दुखतं का रे?"

"लिहिताना सगळ्यांचंच दुखतं ना?"

बालरोगतज्ज्ञांनी तपासलं. करंगळी मागे नव्वद अंशांपर्यंत जाते, अंगठा वळून थेट मनगटामागच्या हाताला टेकतो. सांध्यांची लवचिकता मोजणारे बायटन गुण नऊपैकी सात. सांधे अति लवचिक. अशी मुलं पुष्कळ असतात आणि अनेकांना काही त्रासही नसतो. याला होता. सांधे बांधून ठेवणारे अस्थिबंध सैल, म्हणून ते काम स्नायूंवर पडतं आणि ते लवकर थकतात. बोट नेमकं कुठे आहे, किती जोर लागतोय, याची जाणीवही अंधूक. मग पेन्सिल हातात घट्ट वाटावी म्हणून तो ती दाबून धरतो. आणि अशा हातावर रोज दोन पानं!

"म्हणजे मी उगाचच रागावत होते?" आईंनी विचारलं. मी लगेच काही बोलले नाही. त्यांचे डोळे भरले होते.

ऑक्युपेशनल थेरपिस्टनी, म्हणजे लिहिण्यासारखी रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणाऱ्यांनी, बोटांच्या आधी खुर्ची बघितली. पाय लोंबकळत होते. पायांखाली स्टूल आलं, टेबल कोपराच्या उंचीला आलं, वहीखाली उतरती फळी. जाड पेन्सिल, मध्येमध्ये थांबणं, बोटं गोल ठेवून थेरपी पुट्टी (व्यायामाचा मऊ, चिवट गोळा) दाबणं, खांद्यांसाठी भिंतीला हात टेकून ढकलणं. शुद्धलेखन बंद. लांब उत्तरं काही दिवस तोंडी घ्या, असं पत्र शाळेला दिलं. अंगठा उलटा वाकवून मित्रांना दाखवायचा नाही, हा एकच नियम साहेबांना जाचला.

तीन महिन्यांनी वही घेऊन आला. अक्षर सुंदर वगैरे झालेलं नाही, वेलांट्या अजून उडतात. मी पान उलटायच्या आत त्यानेच उलटलं.

"आता एकाच पानावर उठतंय," म्हणाला.