परदेशात फायनान्समधली फिरतीची नोकरी: त्रास नक्की कशाचा होतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: लंडनमधल्या एका बँकेच्या क्रेडिट विभागात नोकरी मिळते आहे, महिन्यातले आठ-दहा दिवस फिरती आहे, पगार चांगला आहे, पण बायकोचं मन मानत नाही. अशा नोकरीत त्रास नक्की कशाचा होतो, आणि ती घ्यावी का?

मी लंडनमध्ये नेमकं हेच काम करते. बारा वर्षं झाली. कर्ज मागणाऱ्या कंपन्यांकडे जायचं, त्यांचे हिशेब आणि कारखाने बघायचे, परत येऊन क्रेडिट कमिटीपुढे, म्हणजे कर्ज मंजूर करणाऱ्या समितीपुढे, प्रस्ताव ठेवायचा, आणि कर्ज दिल्यावर दर तिमाहीला कंपनी अटी पाळते आहे का ते तपासत राहायचं. फ्रँकफर्ट, मिलान, झुरिक, अधूनमधून न्यूयॉर्क.

थकव्याबद्दल तुम्ही आधीच बरंच वाचलं असेल. पहाटे चारचा गजर, सिक्युरिटीच्या रांगा, हॉटेलच्या खिडक्या न उघडणाऱ्या खोल्या. हे सगळं आहेच. पण थकवा एक रात्र नीट झोप लागली की उतरतो. मला ज्याने खरा त्रास दिला ते असं: या नोकरीत घरच्यांना शब्द देता येत नाही. आणि चार-पाच वर्षांनी घरचे शब्द मागणंच सोडून देतात. ते मागत होते तोवर मला वाईट वाटायचं. मागायचे थांबले तेव्हा जास्त वाईट वाटलं.

तारीख आपल्या हातात का नसते ते सांगते. समजा क्रेडिट कमिटी गुरुवारी आहे. ती हलत नाही. प्रस्तावाचे कागद सोमवारी द्यायचे, म्हणजे कंपनीची भेट त्याच्या आधीच्या आठवड्यात व्हायलाच हवी. तिकडचा सीएफओ, म्हणजे कंपनीचा वित्तप्रमुख, म्हणतो मंगळवारी या. सोमवारी दुपारी त्याच्या ऑफिसातून मेल येते की मंगळवार जमत नाही, बुधवारी भेटू. तुम्ही बुधवारी संध्याकाळी मुलीच्या शाळेत यायचं कबूल केलेलं असतं. त्या माणसाला तुमची बुधवार संध्याकाळ माहीत नसते, आणि ती त्याला सांगायची सोय नसते. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बाकी सगळ्यांच्या गोष्टी पेनने लिहिलेल्या असतात आणि माझ्या फिरतीच्या तारखा पेन्सिलने. हे कोणी ठरवलं नव्हतं, खोडून खोडून कागद फाटायला लागला तेव्हा आपोआप सुरू झालं.

मुलगी दुसरीत असताना शाळेतून एक फॉर्म आला, शिक्षकांच्या भेटीला कोणते पालक येणार त्याचा. मी सही करायला घेतला तर 'पालकाचं नाव' या रकान्यात तिने आधीच बाबाचं नाव लिहून ठेवलं होतं, अक्षर अगदी नीट, खाली रेघ मारून. तिची तक्रार नव्हती. तिने फक्त जे नेहमी होतं ते लिहिलं होतं. त्या आठवड्यात मी लंडनमध्येच होते आणि मला जाता आलं असतं.

दुसरी गोष्ट, जी ऑफर देताना कोणी बोलत नाही: दिवस मोजणं. आपल्यासारखा, जागोजागी व्हिसा लागणारा पासपोर्ट हातात असेल तर ही नोकरी म्हणजे तारखांची वही. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातल्या देशांचा गट. ब्रिटन त्यात नाही, त्यामुळे लंडनमध्ये राहून फ्रँकफर्टला जायचं तरी वेगळा व्हिसा लागतो. शेंगेनचा नियम असा, की कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, आणि जाण्याचा दिवस आणि येण्याचा दिवस दोन्ही धरायचे. ब्रिटनचा टॅक्स मोजताना साधारणपणे बघतात की त्या दिवशी मध्यरात्री तुम्ही ब्रिटनमध्ये होता का. आणि मी ब्रिटनमध्ये कायम राहण्याचा अर्ज केला तेव्हा नियम होता की कोणत्याही बारा महिन्यांत १८० दिवसांपेक्षा जास्त देशाबाहेर राहायचं नाही, पण त्यात फक्त पूर्ण दिवस धरायचे, निघण्याचा आणि परतण्याचा दिवस सोडून. बँकेने कामासाठी पाठवलं होतं म्हणून सूट नाही, ते दिवसही त्यात धरले जातात.

आता एक साधी फेरी घ्या. सोमवारी सकाळी लंडनहून फ्रँकफर्टला गेले, गुरुवारी रात्री दहाला परत आले. शेंगेनच्या हिशेबाने मी चार दिवस तिकडे होते. टॅक्सच्या हिशेबाने तीन दिवस ब्रिटनबाहेर. कायम वास्तव्याच्या अर्जात दोन दिवस गैरहजर. फेरी एकच, आकडे तीन, आणि तिन्ही बरोबर. पाच वर्षं मी एका एक्सेल शीटमध्ये हे तीन रकाने भरत होते, प्रत्येक बोर्डिंग पास जपून ठेवत होते. एकदा पासपोर्टवरचा शिक्का पुसट उमटला होता आणि सीमेवरच्या अधिकाऱ्याला मी बाहेर कधी पडले ते वाचता येईना. माझ्या मागे रांग, हातात बोर्डिंग पासांचा गठ्ठा. तो संपूर्ण वेळ शांत होता, माझेच हात कापत होते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर शिक्क्यांच्या जागी बोटांचे ठसे आणि फोटोची नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे पुसट शिक्क्याचा प्रश्न उरणार नाही. दिवस मात्र आपल्यालाच मोजावे लागतात. आणि ज्या देशात काम करायला जाता तिथे १८३ दिवसांहून जास्त राहिलं तर साधारणपणे तिथलाही टॅक्स लागू शकतो, तो हिशेब वेगळाच. ते बँकेचं एचआर बघतं, तरी स्वतःची नोंद ठेवा. एचआरच्या यादीत माझ्या दोन फेऱ्या चुकीच्या निघाल्या होत्या.

व्हिसाचा खरा जाच पुढचा आहे. अर्ज केला की पासपोर्ट तिकडे जमा होतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरलेले असतात. ते दिवस तुम्ही कुठेही जाऊ शकत नाही. एका शुक्रवारी संध्याकाळी भावाचा फोन आला की बाबांना छातीत दुखायला लागल्यामुळे ॲडमिट केलंय, अँजिओप्लास्टी करावी लागेल. माझा पासपोर्ट व्हिसा केंद्रात होता, तीन दिवसांच्या एका मीटिंगसाठी. शनिवार, रविवार केंद्र बंद. सोमवारी सकाळी दारात जाऊन उभी राहिले, अर्ज मागे घेतला, पासपोर्ट हातात यायला मंगळवार दुपार झाली. पोचले बुधवारी. बाबा तोवर उशीला टेकून बसलेले होते, बरे होते. नंतर भावाकडून कळलं की छातीत दुखणं त्याच्या फोनच्या आधीच्या मंगळवारपासूनच होतं. मला सांगितलं नव्हतं. बाबा म्हणाले होते, "तिला कळवू नका, ती प्रवासात असेल."

मी त्या आठवडाभर घरीच होते. पण त्यांच्या डोक्यात मी कायमची प्रवासात होते. शब्द मागणं सोडून देतात असं वर लिहिलं, त्याचा अर्थ हा.

घड्याळांचंही सांगते, कारण ते फार कोणाच्या लक्षात येत नाही. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, ब्रिटन आणि युरोप शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे लंडन आणि न्यूयॉर्कमधलं अंतर पाच तासांऐवजी चार तास होतं. न्यूयॉर्कचा सकाळी अकराचा कॉल एरवी आमच्याकडे चारला असतो, त्या दिवसांत तो तीनला येतो, म्हणजे बरोबर शाळा सुटायच्या वेळेला. ऑक्टोबरअखेरीस आणखी एक आठवडा हेच. जे बसवलेलं असतं ते सगळं वर्षातून दोनदा उखडतं. आणि ३१ डिसेंबरला वर्षअखेर, म्हणजे बाकी सगळं शहर सुट्टीवर असताना आपण आकडे जुळवत असतो.

बारीकसारीक बाकी खूप आहे, त्यातल्या दोन-तीन गोष्टी. कंपनीचं क्रेडिट कार्ड बहुतेक तुमच्या नावावर असतं, आणि खर्चाचा परतावा यायच्या आत कार्डाचं बिल येतं. एक टॅक्सीची पावती हरवली की महिनाभर मेलामेली. दोन फोन बाळगावे लागतात, कारण व्हॉट्सॲपवर कामाचं बोलणं झालं आणि त्याची नोंद ठेवली नाही म्हणून अमेरिकी नियामकांनी डिसेंबर २०२१ पासून बँकांना केलेले दंड दोन अब्ज डॉलरच्या पुढे गेलेत. नियम योग्यच आहे. पण घरचा फोन बॅगेत खोल राहतो आणि ऑफिसचा हातात, हे व्हायचं ते होतंच. आणि विमान तीन तासांहून जास्त उशिरा पोचलं, कारण हवामानासारखं विमान कंपनीच्या हाताबाहेरचं नसेल, तर युरोपियन युनियनच्या २००४ सालच्या २६१ क्रमांकाच्या नियमाने अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरो भरपाई मिळते. ती प्रवाशाची असते, तिकीट बँकेने काढलं असलं तरी. ती मागा, सोडू नका. मला एकदा फ्रँकफर्टहून परतताना झालेल्या उशिरासाठी २५० युरो मिळाले. ती संध्याकाळ मुलीच्या नाटकाची होती.

मग मी इतकी वर्षं का टिकले? कारण काम खरंच चांगलं आहे आणि ते जाऊनच करावं लागतं. उत्तर इटलीत एका पॅकेजिंग कंपनीचा कारखाना बघायला गेले होते. अहवालात उत्पादनाच्या चार लाइन पूर्ण क्षमतेने चालू. फिरवणारा माणूस तिसऱ्या लाइनपाशी छान थांबला, चौथीपाशी पावलं भरभर टाकायला लागला. मी थांबले. कंट्रोल पॅनेलच्या बटणांवर धूळ होती, एकसारखी, एकाही बोटाचा ठसा नसलेली. व्हिडिओ कॉलवर ती धूळ मला कधीच दिसली नसती. परत येऊन कर्जाची रक्कम कमी करायला लावली, आणि पुढच्या वर्षी त्या कंपनीची विक्री जशी घसरली ते बघता तो निर्णय बरोबर होता. असा एक दिवस मिळाला की पुढचे दोन महिने विमानात बसायला बळ येतं. हे तुमच्या बायकोलाही सांगा, नाहीतर तिला वाटेल की हा सगळा खटाटोप फक्त पगारासाठी आहे.

या धंद्यात शब्द देता येण्याची एकच हक्काची जागा मला सापडली, ती म्हणजे ब्लॉक लीव्ह. बऱ्याच बँकांत संवेदनशील पदांवरच्या लोकांना वर्षातून एकदा सलग दहा कामाचे दिवस रजा घ्यावीच लागते, आणि त्या काळात तुमचं लॉगिन बंद केलं जातं. हेतू तुमच्या विश्रांतीचा नसतो, घोटाळा पकडण्याचा असतो. जानेवारी २००८ मध्ये सोसिएते जेनेराल या फ्रेंच बँकेत जेरोम केर्व्हिएल या ट्रेडरने परवानगीशिवाय केलेले व्यवहार उघडकीस आले, ४.९ अब्ज युरोंचा तोटा झाला. तो रजा घ्यायचं टाळत होता, कारण त्याच्या जागी दुसरा कोणी बसला असता तर सगळं बाहेर आलं असतं. अशा प्रकरणांमुळेच हा नियम कडकपणे पाळला जातो. कारण काहीही असो, त्या दोन आठवड्यांत तुम्हाला बँकेतलं कोणीही काम सांगू शकत नाही. आमच्या कॅलेंडरवर माझ्या नावापुढे पेनने लिहिलेल्या तारखा फक्त तेवढ्याच. मुलगी त्या स्वतः लिहिते. तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच मागून घ्या. उशीर केला की गैरसोयीचे आठवडे वाट्याला येतात.

घ्यावी का? मुलं नसतील किंवा अगदी लहान असतील, आणि बायकोचं त्या शहरात स्वतःचं काहीतरी चालू होणार असेल, तर चार-पाच वर्षांसाठी घ्या. शिकायला मिळतं ते दुसरीकडे मिळणार नाही. पण सही करण्याआधी एचआरला नको, ज्याच्या हाताखाली काम करायचं आहे त्या मॅनेजरला गाठा आणि तीन गोष्टी विचारा. गेल्या तीन महिन्यांत टीममधल्या लोकांच्या किती फेऱ्या ऐनवेळी बदलल्या. रविवारी प्रवास केला तर त्याची बदली रजा मिळते का. आणि महिन्यातला एक आठवडा, कोणता तो आधी ठरवून, फिरतीशिवाय मिळेल का. तिसरी गोष्ट मेलवर लिहून घ्या. मला ती सातव्या वर्षी मिळाली, आणि मिळाली तेव्हा कळलं की कोणी नाही म्हटलंच नव्हतं, मीच मागितली नव्हती. मॅनेजरने पहिल्या प्रश्नाला आकडा सांगितला, वाईट का असेना, तर त्याच्याबरोबर काम करता येईल. "ते कामावर अवलंबून असतं" एवढंच म्हणाला तर माझ्या मते ही ऑफर सोडा आणि त्याच शहरात कमी फिरतीची दुसरी शोधा. क्रेडिटमध्ये अनुभव असेल तर ती मिळते, सहा महिने जास्त लागतील इतकंच.