सेकंडहॅण्ड गाडीचा चासी नंबर कुठे शोधायचा आणि तो वाचायचा कसा?

आधी एक काम करा. प्रश्नासोबत तुम्ही आरसीचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कार्डाचा, जो फोटो टाकलाय, तो काढून टाका. त्यात चासी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही पूर्ण दिसताहेत. हाय सिक्युरिटी नंबरप्लेट मागवताना या दोन नंबरांचे शेवटचे पाच आकडेच विचारतात, परिवहनच्या साइटवरही बऱ्याच कामांना चासीचे शेवटचे पाच आकडे लागतात. गाडी अजून तुमची झालेली नाही, आणि ज्यांची आहे त्यांना हा फोटो इथे आहे हे माहीतही नसेल.

आता तुमचा प्रश्न. पुण्यात वाकडला ह्युंदाईची एक आय२० बघितलीत, मालक ती २०१८ ची म्हणतात. आरसीवर चासी नंबर आहे, पण गाडीत तो कुठेच सापडला नाही. व्हीआयएन (व्हेइकल आयडेंटिफिकेशन नंबर) म्हणजे हाच नंबर की वेगळा, आणि त्यावरून गाडी खरी कधीची ते कळतं का, असं तुम्ही विचारलंय.

मी नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात २२ वर्षं काउंटरवर आहे. पार्ट काढायच्या आधी मी गिऱ्हाइकाकडे चासी नंबरच मागतो, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या हाताखालचा आहे.

व्हीआयएन आणि चासी नंबर आपल्याकडे एकच. आरसीवर 'चासी नंबर' म्हणून जे १७ अक्षर-आकडे छापलेत तोच व्हीआयएन. इंजिन नंबर निराळा, तो इंजिनच्या ब्लॉकवर असतो आणि इंजिन बदललं तर तोही बदलतो. चासी नंबर गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला असतो, तो जन्मभर तोच. फार जुन्या गाड्यांचे नंबर १७ पेक्षा कमी लांबीचे सापडतात, पण तुमच्या गाडीला तो प्रश्न नाही.

हा नंबर गाडीत एकापेक्षा जास्त ठिकाणी असतो, आणि तिथेच लोक गोंधळतात. दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली एक छोटी प्लेट किंवा स्टिकर असतो, त्यावर तो छापलेला असतो. ती प्लेट रिवेट काढून बदलता येते, स्टिकर तर नखानेही निघतो. खरा नंबर पत्र्यावर पंच केलेला असतो. काही गाड्यांत तो बॉनेट उघडल्यावर समोरच्या फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर दिसतो, काहींत पुढच्या सीटखालच्या फ्लोअरवर. आय२० मध्ये तो पुढच्या सीटखाली असतो, एका बाजूला नाही सापडला तर दुसऱ्या बाजूला बघा. सीट पूर्ण मागे सरकवा आणि खाली वाका. कार्पेटला तिथे एक कापलेली झडप असते, ती उचला. खाली धूळ, चिल्लर, वाळलेली चिंचेची गोळी, असं काहीही निघेल. जुन्या फडक्याला थोडं डिझेल लावून पत्रा पुसून घ्या. मोबाइलचा टॉर्च वरून सरळ मारू नका, बाजूने पत्र्याच्या जवळजवळ समांतर धरा. सरळ उजेडात काहीच न दिसणारा नंबर तिरक्या उजेडात उठून येतो, कारण प्रत्येक अक्षराच्या खाचेत सावली पडते.

तो वाचताना मनात एक नियम पक्का ठेवा. व्हीआयएनमध्ये इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं कधीच वापरत नाहीत, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. म्हणजे गोल दिसलं तर ते शून्य किंवा डी. पण ८ आणि बी, ५ आणि एस, ६ आणि जी, २ आणि झेड या जोड्या उरतातच. गंजलेल्या पत्र्यावर भल्याभल्यांचा डोळा तिथे चुकतो.

या एका अक्षराने माझ्या मेहुण्याला केवढा त्रास झाला ते सांगतो. २०२४ च्या जुलैमध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं, त्यात त्याची गाडी पार्किंगमध्ये डॅशबोर्डपर्यंत बुडाली. विमा होता, हप्ता वेळेवर भरलेला होता. सर्व्हेअर आला, त्याने सांगाड्यावरच्या नंबरचा फोटो घेतला. चार दिवसांनी निरोप आला की पॉलिसीवरचा चासी नंबर या गाडीचा नाही. पत्र्यावर सातव्या जागी ८ होता, पॉलिसीत बी. आधीच्या मालकाच्या वेळी कोणीतरी टाइप करताना केलेली चूक, आणि पुढे दर वर्षी रिन्यूअलला तोच नंबर तसाच उतरवला गेला. दुरुस्ती करून क्लेम पुढे सरकायला सात आठवडे लागले. तोवर गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात ओल्या सीटांसकट उभी, आतून बुरशीचा वास. मेहुणा रोज संध्याकाळी जाऊन दारं उघडून ठेवायचा, जरा वारा लागावा म्हणून. आरसी, पॉलिसी आणि पत्रा हे तिन्ही शेजारी धरून कोणी एकदाही वाचले नव्हते. मीही नाही, आणि हे काम तर मी रोज करतो. त्याची रुखरुख मला अजून आहे.

म्हणून तुम्हाला पहिलं सांगणं हेच. नंबर डीकोड नंतर करा, आधी पत्र्यावरून स्वतःच्या डोळ्यांनी उतरवा. कागदावर १७ चौकोन आखा, एकेका चौकोनात एकेक अक्षर लिहा, मग आरसी आणि विम्याच्या पॉलिसीशी एकेक करून जुळवा. एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने टिक करायची, म्हणजे चुकत नाही. एमपरिवहन ॲपमध्ये नंबरचा काही भाग झाकलेला असतो, जेवढा दिसतो तेवढा तिथेही ताडून बघा.

नंबर बघताना आजूबाजूचा पत्राही बघा. कंपनीत मशीनने ठोकलेली अक्षरं एका रेषेत, एकसारख्या अंतरावर, सारख्या खोलीची असतात. एखादं अक्षर तिरकं, एखादं जास्त खोल, मागे ग्राइंडरचे ओरखडे, तेवढ्याच चौकोनात नवा रंग किंवा पुट्टी, कडेने वेल्डिंगची रेघ, यातलं काहीही दिसलं तर गाडी तिथेच सोडा. गंजामुळे नंबर खरोखरच खराब झाला असेल तर तो आरटीओच्या परवानगीने पुन्हा ठोकून घेता येतो, पण मग त्याची कागदपत्रं मालकाकडे हवीत. 'डेंटिंगवाल्याने केलंय, काही होत नाही' हे उत्तर चालवून घेऊ नका.

आता डीकोडिंग. पहिली तीन अक्षरं म्हणजे बनवणारा कोण. भारतातल्या बहुतेक गाड्यांचा नंबर एमए ते एमई यांपैकी कशाने तरी सुरू होतो. एमए३ मारुती, एमएटी टाटा, एमए१ महिंद्रा, एमएके होंडा, एमबीजे टोयोटा. कियासारख्या अलीकडच्या कंपन्यांना एमझेडने सुरू होणारे कोड मिळालेत. तुमच्या नंबरची सुरुवात एमएएल आहे, ती ह्युंदाईची. मला मात्र एमए६ दिसलं की थोडं वाईट वाटतं. तो जनरल मोटर्सचा कोड. आपल्या तळेगावच्या कारखान्यातून निघालेल्या शेवरले बीट अजून पुण्यात फिरताहेत, कंपनीने २०१७ अखेर इथली विक्री थांबवली, आणि त्यांचे मालक पार्टसाठी दुकानं पालथी घालतात. तो कारखाना आता ह्युंदाईकडे आहे.

चौथ्यापासून नवव्यापर्यंतचे सहा अक्षर-आकडे मॉडेल, बॉडी, इंजिन असं वर्णन सांगतात. ते प्रत्येक कंपनीचं आपापलं गणित असतं, त्यात तुम्ही डोकं शिणवू नका. फक्त नवव्या जागेबद्दल एक लक्षात ठेवा. अमेरिकेत १९८१ पासून १७ अक्षरी नंबर सक्तीचा झाला आणि तिथे नववी जागा पडताळणीच्या आकड्यासाठी राखलेली आहे. बाकीच्या अक्षरांना ठरलेल्या वजनांनी गुणून, बेरजेला ११ ने भागून जी बाकी उरते ती तिथे लिहितात. बाकी १० आली तर एक्स. आपल्याकडे तसं बंधन नाही. त्यामुळे परदेशी साइटवर आपला नंबर टाकला की 'चुकीचा नंबर' असं लाल अक्षरात येतं आणि लोक घाबरून माझ्याकडे येतात. घाबरू नका, तो हिशोब आपल्या गाडीला लागूच नाही.

तुमच्या कामाची जागा दहावी. ह्युंदाईत तिथे वर्षाचं अक्षर असतं. ए म्हणजे २०१०, बी २०११, असं सरळ मोजत एच म्हणजे २०१७. मग आय गाळून जे २०१८, के २०१९, एल २०२०, एम २०२१, एन २०२२. ओ गाळून पी २०२३, क्यू गाळून आर २०२४, एस २०२५, टी २०२६. त्याआधीच्या २००१ ते २००९ ला १ ते ९ हे आकडे होते. तुमच्या नंबरात दहावं अक्षर एच आहे. म्हणजे गाडी २०१७ ची. अकरावं एम म्हणजे चेन्नईचा कारखाना. उरलेले आकडे तिचा अनुक्रमांक.

यात मालक खोटं बोलताहेत असं लगेच धरू नका. आरसीवर नोंदणी फेब्रुवारी २०१८ ची आहे. वर्षाअखेरीला बनलेली गाडी यार्डात दोन-तीन महिने उभी राहते, नवीन वर्षात पासिंग होते आणि मालक तिला पासिंगच्या वर्षाने ओळखतो. पण बाजारात किंमत ठरताना उत्पादनाचं वर्ष धरतात, तेव्हा बोलणी २०१७ धरूनच करा. उत्पादनाचा महिना-वर्ष आरसीवरही छापलेला असतो, तो या अक्षराशी जुळायला हवा. सगळ्याच कंपन्या दहाव्या जागी वर्ष लिहीत नाहीत. काही जुन्या मारुतींत दहाव्या-अकराव्या जागी नुसती दोन शून्यं असतात. महिन्याची जागाही कंपनीगणिक बदलते. तिथे अंदाज न करता अधिकृत सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन विचारावं, सर्व्हिसची जुनी नोंदही त्याच नंबरावर निघते. ती जरूर मागा, किलोमीटर मागे फिरवलेत का ते तिथे कळतं.

शेवटच्या अनुक्रमांकाला लोक काहीच किंमत देत नाहीत, पण माझा सगळा धंदा त्यावर चालतो. एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांना वेगवेगळी क्लच प्लेट लागू शकते, कारण कंपनी वर्षाच्या मधेच पुरवठादार किंवा डिझाइन बदलते. पार्ट्स कॅटलॉगमध्ये मग लिहिलेलं असतं, अमुक चासी नंबरपासून पुढे हा पार्ट, त्याआधी तो. रिकॉलचंही असंच. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने एअरबॅग कंट्रोलरसाठी १७,३६२ गाड्या परत बोलावल्या. त्या ८ डिसेंबर २०२२ ते १२ जानेवारी २०२३ या काळातच बनलेल्या होत्या. नुसतं 'माझी बलेनो आहे' म्हणून हे कळणार नाही, चासी नंबर टाकल्यावरच कळतं. कंपन्यांच्या साइटवर ही सोय असते. तुमच्या गाडीचाही नंबर ह्युंदाईकडे एकदा तपासून घ्या, एखादं रिकॉलचं काम राहिलं असेल तर फुकट होतं.

चोरीची गाडी नाही ना, यासाठी एनसीआरबीची, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाची, 'वाहन समन्वय' ही सोय आहे. तिथे नोंदणी, चासी आणि इंजिन नंबर टाकून बघता येतं. आरसीवर बँकेचा बोजा आहे का तेही बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

वाकडला जाल तेव्हा दिवसाउजेडी जा. सोबत फडकं, टॉर्च, पातळ पांढरा कागद आणि मऊ शिशाची पेन्सिल न्या. नंबर पुसून कोरडा करा, त्यावर कागदाची पट्टी घट्ट धरा आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासा. सतराही अक्षरं पांढरी उमटतील. यालाच आमच्याकडे चासी प्रिंट म्हणतात. तुमची गाडी एमएच १४ असेल तर काम पिंपरी-चिंचवडच्या आरटीओत, एमएच १२ असेल तर संगम पुलाजवळच्या. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. हे कधीही एजंटच्या भरवशावर लांबवू नका.

प्रिंटच्या दोन पट्ट्या काढा. एक ट्रान्सफरच्या फॉर्म ३० वर चिकटवायला लागेल. दुसरी आरसीच्या पाऊचमध्ये ठेवा आणि उद्या माझ्यासारख्या कोणाच्या काउंटरवर पार्ट घ्यायला गेलात की तीच पुढे करा.