होल्डिंग पाँडपाशी रेंगाळणारी मुलगी

ताई, नमस्कार.

तुमची मुलगी नेरूळला बारावी विज्ञानाला आहे, गणित-जीवशास्त्र दोन्ही घेतलंय. होल्डिंग पाँडपाशी, म्हणजे पुराचं पाणी थोपवणाऱ्या तळ्यापाशी, रेंगाळते आणि 'पाणथळ जागा तयार करून पावसाचं पाणी शुद्ध करायचं काम करीन' म्हणते. तुम्ही विचारता, यात पोट भरेल का, की कॉम्प्युटरला घालू?

कॉम्प्युटरला घालू नका. पण नावात 'पर्यावरण' आहे म्हणून कुठल्याही पदवीलाही घालू नका. तिने आधी सिव्हिल इंजिनिअरिंग करावं, कारण हे काम मुळात उताराचं आणि हिशोबाचं आहे. अशा पाणथळीत नाल्याचं पाणी आधी खोल खड्ड्यात संथ होतं, वाळू-गाळ खाली बसतो. मग उथळ भागात पाणकणसांतून ते सावकाश सरकतं आणि मुळांवर, खडीवर वाढलेले जिवाणू उरलेली बरीच घाण खातात. पाणी तिथे किती तास थांबतं, त्यावर सगळं ठरतं. लोंढा आला की बसलेला गाळही उठून जातो. मेलबर्नच्या रॉयल पार्कमध्ये असं शुद्ध केलेलं पाणी साठवून हिरवळीला देतात.

आपल्याकडे ते जसंच्या तसं उचलता येणार नाही. सिडकोचे होल्डिंग पाँड पुरासाठी आहेत. भरतीला झडपा बंद होतात, पावसाचं पाणी तळ्यात थांबतं, ओहोटीला खाडीत जातं. कित्येक पाँड गाळाने भरलेत, आत खारफुटी वाढलीय, आणि ती तोडायची तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते. त्यात खारं पाणी. इतर ठिकाणी अशा कामात सर्रास लावली जाणारी कर्दळ इथे मरेल. म्हणून नवी मुंबईला झाडं ओळखणारा इंजिनिअर हवा आहे, आणि म्हणूनच तिचं जीवशास्त्र सुटू देऊ नका.

आता इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी एमएचटी-सीईटी, पदवीनंतर एमटेकच्या प्रवेशाची गेट परीक्षा, मग पर्यावरण अभियांत्रिकीत एमटेक. आयआयटी मुंबई आणि व्हीजेटीआय दोन्ही घरापासून लोकलच्या अंतरावर आहेत. गेटमध्ये २०२१पासून पर्यावरणाचा वेगळा पेपरही आहे. पहिली नोकरी मात्र बहुधा गटारांच्या नाहीतर सांडपाणी प्रकल्पाच्या डिझाइनची असेल. ती तिने मनापासून करावी, पाण्याचा हिशोब तिथेच हातात बसतो.

यंदा पहिल्या पावसात हातमोजे घालून सोसायटीबाहेरच्या गटाराचं पाणी तिला बाटलीत भरू द्या. आठवडाभर पाऊस झाला की दुसरी बाटली. दोन्ही खिडकीत ठेवा. पहिलीच्या तळाशी काळा थर किती बोटं बसला, वर तेलाचा तवंग किती राहिला, हे तिने रोज वहीत लिहावं. ती वही घेऊन मला भेटायला पाठवा.